काळी दोन

नळी आली लाकडी पेटीत, गवताच्या गादीवर,
बरोबर परवान्याची नक्कल, तीन शिक्के,
आणि मगदूम बाईंची चिठ्ठी:
घाई नाही. पण यंदाच्या थंडीत व्हावी.

पद्मजा मगदूम, सांगलीच्या मुलींच्या शाळेत
जन्मभर ड्रिल घेतली.
घरात कांदा-लसूण नाही, दिवस मावळल्यावर जेवण नाही,
आणि चाळीस वर्षांत कागदावरच्या काळ्या टिपक्याशिवाय
कशावर गोळी झाडली नाही.
रायफल नवीच, घाट तेवढा जुना:
खालची तरफ ओढली की ठोकळा उतरतो,
एका वेळी एकच काडतूस.
दस्ता मात्र वडिलांचा, अक्रोडाचा,
गाल टेकून टेकून एका जागी उजळलेला.
'नळी बदला,' म्हणाल्या, 'गाल बदलू नका.'

मिरजेत आमचं दुकान सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी.
समोरचा मुबारक आणि मी, दोघेही शिकलगारच.
त्याच्या पणज्यानं तलवारी ठेवून भोपळे घेतले,
माझ्यानं ठेवल्या नाहीत, एवढाच फरक.

तो चहाला आला तेव्हा नळी दोऱ्याला टांगलेली.
आत तडा असेल तर आवाज फुटतो,
म्हणून वाजवून बघायची.
मोगरीनं हलकं टोकलं.
जंक्शनकडून गाडीची शिट्टी आली, गेली,
नळी अजून बोलतच होती.
मुबारकनं बशी खाली ठेवली.
'काळी दोन,' म्हणाला. 'जरा चढी.'
'चालेल?'
'मला चालेल. तुझं तू बघ.'

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.
सुताराला ते पुरतं. आमच्यात सूत म्हणजे डोंगर.
लेथवर आटे पाडले, दुधाळ तेल मनगटापर्यंत.
खांद्याला काजळी लावली, घरच्या दिव्याची,
पिळून बसवली, परत काढली.
जिथलं काळं पुसलं तिथं टेकतंय.
तिथं कानस, एकच हात.
दुसरा हात मोहाचा असतो.
पुन्हा काजळी, पुन्हा पिळणं,
सतरा वेळा बसवली, सतरा वेळा काढली,
अठराव्यांदा काळं पुसलं गेलं सगळीकडून सारखं,
चंद्राला खळं पडतं तसं.

मग काडतुसाचं घर कोरलं, हातानं,
तीन फेरे की बाहेर, पुसायचं, तेल, परत तीन.
शेवटी दोन मापं:
एकावर ठोकळा मिटला पाहिजे,
दुसऱ्यावर मिटता कामा नये.
पहिल्यावर मिटला.
दुसऱ्यावरही मिटला.

रात्रीचे दहा. सोहेल झाडू घेऊन उभा.
'केसभराचं काय एवढं,' म्हणाला,
'बाई कागदावरच तर मारणार.'
मी लाइट घालवली.
त्या केसाच्या मागं बाईंचा गाल असतो,
हे त्याला कधीतरी सांगायला हवं.
त्या रात्री सांगितलं नाही, चिडलो होतो,
त्याच्यावर नाही.

सकाळी खांदा कापला, एक आटा मागं,
आणि सगळं पहिल्यापासून:
काजळी, कानस, तीन फेरे, पुसणं.
तीन दिवस गेले. गल्लीत कुणीतरी
एकच तार लावत होतं तीन दिवस,
म्हणजे मी एकटा नव्हतो.

पहिल्या मापावर मिटला. दुसऱ्यावर अडला.
असा अडला की मी ठोकळ्याला शाब्बास म्हटलं.
दस्ता चढवला, माशी सरळ केली,
आणि मुबारकला हाक मारून
मोगरीनं नळीला टोकलं.

ठक्.

लाकूड, पोलाद, स्क्रू, सगळ्यांचा मिळून एक मुका शब्द.
मुबारक मान हलवत राहिला.
'आवाज बसला की रे हिचा.'
'नळी बसली,' मी म्हटलं.

बाई आल्या शुक्रवारी, साडेपाचच्या सुमाराला.
ठोकळा उघडून आधी रिकामी आहे ना बघितलं,
मी सांगितलं होतं तरी.
मग गाल टेकला,
भिंतीवरच्या कॅलेंडरातला एक रविवार धरला,
श्वास अर्धा सोडून थांबल्या.
'लाकूड तेच आहे,' म्हणाल्या.
नळीबद्दल काही बोलल्या नाहीत.
मला एवढं पुरलं.

रजिस्टरवर सही केली. पिशवीतून डबा काढला,
ओल्या नारळाच्या वड्या: सोहेलला दोन, मला दोन,
मुबारकसाठी झाकणात एक.
बाहेर ऊन समोरच्या पत्र्यावर चढलं होतं, थोडंच उरलेलं.
त्याच्याकडे बघत बाईंनी स्वतःची वडी
पटकन तोंडात टाकली.