डावी बाजू

थेल्माचा डावा कान गेल्या हिवाळ्यात गेला.
"एक तरी राहिला," म्हणाली,
आणि दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची बळकावली,
उजव्या स्पीकरजवळची.

रेकॉर्ड एकोणीसशे बहात्तरची.
कव्हरवर रेनकोट घातलेला बगळा,
बसच्या थांब्यावर एकटा.
वॉल्सॉलमध्ये सदतीस वर्षं बस चालवली मी,
असा उतारू कधी भेटला नाही.
तरी धुकं असलं की कालव्याजवळच्या थांब्याशी
पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

पहिली बाजू म्हणजे एकच गाणं, बावीस मिनिटांचं.
लग्नाआधी तिनं ऐकवलं तेव्हा
सहाव्या मिनिटाला मी विचारलं,
"सुरू कधी होतं?"
तिनं माझा हात घेऊन माझ्याच गुडघ्यावर आपटला:
एक दोन तीन, एक दोन, एक दोन.
माझं पाऊल चारातलं.
काळोख्या जिन्यात एक पायरी कमी निघावी
तसा दर वेळी तोल जायचा.
सातात चालायला दोन वर्षं लागली मला.
तोवर लग्न झालं होतं.

ती तेव्हा बर्मिंगहॅमबाहेरच्या एका शेडमध्ये कामाला,
मेलोट्रॉन बनायचे तिथं.
प्रत्येक पट्टीखाली एक फीत,
फितीवर कुणा अनोळखी माणसानं वाजवलेलं व्हायोलिन,
आठ सेकंदांचं.
आठ सेकंद झाले की सूर संपला.
बोट उचला, फीत मागे जाऊ द्या, मग पुन्हा दाबा.
दमेकरी ऑर्केस्ट्रा, म्हणायचे शेडमधले.
थेल्मा फिती कापायची, जोडायची.
"या रेकॉर्डवरचं यंत्र माझ्या हातचं," तिचा दावा.
"अकराव्या मिनिटाला पियानो थांबतो ना,
तिथं बारीकसा टिक आहे. तो माझा.
शुक्रवार होता. कात्री बोथट होती."

कोळसा खाणींच्या संपात वीज जायची.
एकदा नेमकी चौदाव्या मिनिटाला गेली.
दोर सुटलेल्या घागरीसारखा
गाणारा खोल खोल बुडाला.
उरलेली आठ मिनिटं थेल्मानं
मेणबत्तीच्या उजेडात तोंडानं पुरी केली,
ड्रम बिस्किटांच्या डब्यावर, बासरी दातांतून,
आणि शब्द जिथं आठवेनात तिथं
कोपऱ्यावरच्या दुकानांची नावं.
खालच्या मजल्यावरचा ऑगबोर्न
झाडूच्या दांड्यानं छत ठोकू लागला.
शपथेवर सांगतो, सातात ठोकत होता.

आता डावीकडे मी बसतो.
त्यांनी गिटार डावीकडे ठेवलीय, घंटाही,
आणि शेवटाकडे कुठल्याशा दाराची करकर.
मी क्रिकेटच्या समालोचकासारखा सांगत जातो:
आली गिटार. चढतेय. अजून चढतेय. थांबली.
आता तारेवरून बोट घसरलं.
ती डोळे मिटून ऐकते, मध्येच खेकसते,
"गप्प. इकडे बासरी आहे."

काल अकरावं मिनिट आलं.
पियानो थांबला.
व्हायोलिनांचा तो जुना, ओलसर ढग वर आला
आणि त्यात,
नखानं कप वाजवावा तेवढा,
टिक.
जोडलेल्या जागी सूर ठेचकाळला, सावरला.
डावीकडे होता.
कायमचा डावीकडेच होता,
आणि मी पन्नास वर्षं उजव्या खुर्चीत,
हीटरच्या फुसफुशीत.

"आला का?" तिनं विचारलं.
दर वेळी विचारते.
दर वेळी मी "आला" म्हणत आलोय,
नवरे म्हणतात तसं.
आता खरंच आला
तर सांगायला शब्द तोच.

"आला," मी म्हटलं.
आवाजात काही निराळं असेल, माहीत नाही.
ती उठली,
बाहीनं चष्मा पुसला,
सुई दोन वळसे मागे ठेवली
आणि म्हणाली,
"शुक्रवार होता."