अंगठा

मामपाँगच्या चढावर सकाळी धुकं असतं.
त्यातून आधी पोतं दिसतं,
मग पोत्याखालचा लार्बी.

निबिमाची मुळं. बोटाएवढी जाड, वाकडी,
सालीखाली पिवळीजर्द.
मोडलं की भुकटी उडते
आणि न चाखताच घसा कडू होतो.

मी वजन करते. चार किलो दोनशे.
धुणं, चिरणं, सावलीत वाळवणं, दळणं,
सत्तर टक्के अल्कोहोलात तीन दिवस भिजवणं.
चौथ्या दिवशी फ्लास्क गरगरतो,
अल्कोहोल चहा न घेता गेलेल्या पाहुण्यासारखं निघून जातं,
तळाशी उरतो तपकिरी, चिकट, मुखदुर्बळ अर्क.

त्याला बोलतं करायचं तर फोडायला हवं.
आम्ल घातलं, पिवळा.
अल्कली घातली, जांभळा.
इतक्या झटक्यात रंग बदलणारा
आमच्या ओपारे मामाखेरीज मी कुणी पाहिलेला नाही,
आणि तो निवडणुकीला उभा होता.

लार्बी उंबऱ्यावरच. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यावरच.
"हिवतापाचे जंतू मेले का?"
मेले. काचेच्या ताटलीत, रक्ताच्या थेंबात,
इतक्या कमी मात्रेत की आकडा लिहिताना
दशांशापुढची शून्यं मी दोनदा मोजली.

"आणि हा दुसरा तक्ता?"
तो माणसाच्या पेशींचा.
त्यातही मेल्या होत्या, बऱ्याच.
शुद्ध केलेलं द्रव्य डीएनएच्या पायऱ्यांमध्ये
जाऊन बसतं,
जिना कुणाचा हे विचारत नाही.

तो कितीतरी वेळ गप्प.
"एवढं निवडून मी कुणालाच दिलं नाही.
तीन पेले पाणी, एक उरेपर्यंत उकळायचं.
पोराला त्यातलंही अर्धं.
पोटुशीला अजिबात नाही."
यासाठी वहीत रकाना नव्हता.
समासात लिहिलं.

निबंध छापून आला. पाच नावं.
माझं, आडोबिआ, शेवटी आभारात.
लार्बीला म्हटलं होतं 'स्थानिक पुरवठादार'.

पुढल्या वर्षी पोतं त्याच्या मुलीनं आणलं.
मुळं पेन्सिलीसारखी.
जाड आता सापडत नाहीत, असाबेआ म्हणाली,
बापाचं नंतर सांगितलं, पैसे मोजून झाल्यावर.

फायली आवरताना संमतीपत्र निघालं.
त्या दिवशी शाईचा पॅड वाळलेला होता,
त्यानं तसाच अंगठा टेकवला होता,
नुकतंच पोतं उतरवलेला, घामानं ओला.
कागदावर एक फिका पिवळा डाग,
चहाचा म्हणून खपला असता.

दार लावून घेतलं.
अतिनील दिव्याखाली धरला, सहजच.
रेघ न् रेघ पेटली,
भोवरा, मधला कोयत्याचा जुना व्रणसुद्धा.
बाजूला आम्हा सगळ्यांच्या निळ्या सह्या
अंधारात होत्या.

दिवा किती मिनिटं वापरला
ते नोंदवहीत लिहावं लागतं.
लिहिलं. अकरा.
कारणाच्या रकान्यात काही सुचेना.