गाळलेल्या जागा

ट्रॉम्सोत दुपारी दोनलाच अंधार.
राग्नहिल्ड कॉड माशांच्या कानातल्या खड्यांवरची
वलयं मोजते. वर्षाला एक.
वादळात बोटी गेल्या नाहीत
त्या आठवड्यांपुढे तक्त्यात काहीच नाही.

ते भरायचं पॅकेज आयविननं लिहिलेलं,
अकरा वर्षांपूर्वी, कँटीनमध्ये, वॉफल खाता खाता.
चालतं अजून. फक्त नव्या आवृत्तीत
लाल अक्षरांत कुरकुरतं,
आणि त्याला पाठवलेली मेल परत येते :
असा पत्ता नाही.

आज तिनं त्याचा कोड उघडला.
दोनशे बाराव्या ओळीशी त्याची टीप :
‘शेजारी पुरेसे नसतील
तर अंदाज करू नये.
जागा रिकामी ठेवावी.’

कुरकुर थांबली, चार ओळींचं काम.
देखभाल, या शब्दापुढे
नाव त्याचंच राहू दिलं.
पत्ता तेवढा स्वतःचा घातला.