पेटी क्रमांक अकरा

नोव्हेंबरात आम्ही पुतळ्यांना पेट्यांत घालतो.
फळ्या, खिळे, वर उतरतं छप्पर,
बाजूला मुठीएवढं भोक, ओल बाहेर पडायला.
मग चार महिने
वॉर्साच्या या बागेत ना देव ना देवी,
नुसते नंबर टाकलेले संडास उभे,
असं पाहुणे म्हणतात.

गुलाबांच्या पायाशी मातीचे ढीग घातले,
वर स्प्रूसच्या फांद्या.
ऱ्होडोडेंड्रॉनना तागाची पोती नेसवली.
गाठी मारता मारता बोटं गेली,
म्हणजे आहेत, पण माझी नाहीत.

आज उणे चौदा.
तळं एका रात्रीत मुकं झालं.
मधोमध पंपानं उघडं ठेवलेलं पाणी, परातीएवढं,
त्यात अख्ख्या शहराची बदकं
पंखाला पंख घासत.

झेनोन येतो साडेनवाला.
एकतीस वर्षं ट्रॅममध्ये तिकिटं तपासली त्यानं;
तो चढला की माणसं खिडकीबाहेर बघायची.
आता बाकावर बसतो, अक्रोडावर अक्रोड आपटतो
आणि हाक घालतो, "बाशा! बाशा!"
इथे प्रत्येक खारीचं नाव बाशा. नराचंही.
अजून कुणी तक्रार केलेली नाही.
त्या उतरतात, तांबड्या,
कानांवर थंडीपुरते झुबके,
पँटवरून सरसर चढतात
आणि त्याचे खिसे तपासतात.
तो दोन्ही हात वर धरून बसतो,
विनातिकीट सापडल्यासारखा.

मोरांचं मला विचारू नका.
उन्हाळ्यात गळलेला पिसारा अजून अर्धाच आलाय,
तोच बर्फावरून फरफटवत
कॅफेच्या मागच्या दाराशी जातात,
ओरडून ओरडून लुत्सिनाकडून पाव वसूल करतात.
त्यांच्या पणजोबांच्या मुलखात म्हणे
ढग आले की मोर नाचतात.
इथे ढग ऑक्टोबरात येतात
ते मार्चपर्यंत जात नाहीत.
किती नाचतील?

बुधवारी बालवाडीची पोरं आली,
सगळी एका दोरीला धरून.
शेवटून दुसरी, कालिना, दोरी सोडून
अकरा नंबरपाशी थांबली.
"आत कोण आहे?"
"फॉन. पाय बकऱ्याचे. बासरी वाजवतो."
"मग त्याला खायला कोण देतं?"
माझ्या दातांत सुतळी होती.
ती काढेपर्यंत तिनं मोजा उतरवला,
खिशातला हेझलनट भोकातून आत टाकला.
टक्, आवाज आला. मग काही नाही.
बाई हाक मारत होत्या. ती गेली.

गुरुवारी झेनोननं एक टाकला,
इकडे तिकडे बघत, चोरासारखा.
शुक्रवारी दोन.
शनिवारी मी फळीला कान लावला
आणि आत कुणीतरी कुरतडत होतं,
बारीक, न थांबता,
दगडाला दात फुटल्यासारखं.

नियम आहे : भोकाला जाळी बसवायची,
जनावर शिरल्यास वहीत नोंद करायची,
तारीख, वेळ, पेटीचा नंबर.
मी वही उघडली.
पेनातली शाई गोठली होती.
(छपरीत स्टोव्ह आहे. पेन तिथे
दोन मिनिटांत उमललं असतं.)

पुढच्या बुधवारी दोरी पुन्हा आली.
कालिनानं लांबूनच विचारलं, "खाल्लं का?"
"खाल्लं," मी म्हटलं.
बावीस वर्षांत पहिल्यांदाच
एका पुतळ्याची जामीन राहिले.

साडेतीनला अंधार पडतो.
मी शिट्टी फुंकत चिनारांखालून फिरते :
फाटक बंद होतंय, चला, फाटक बंद होतंय.
झेनोन टरफलं गोळा करून खिशात भरतो.
दोन पोरं स्लेजवरून उठत नाहीत,
त्यांना नावानं ओरडावं लागतं,
आणि नावं मला माहीत नाहीत.
वरच्या फांदीवर मोर कूस बदलतो,
ओंजळभर बर्फ सुटतो
नेमका माझ्या कॉलरच्या आत.

"बाशा!" मी ओरडते.
दुसरी शिवी आठवतच नाही.