कुणाला किती

भूमला, खव्याच्या भट्टीवरच्या खोलीत बसून
मी तीस गावांच्या शेळ्या राखते.
एकही शेळी कधी जिना चढून आली नाही.
पडद्यावर त्यांच्या ओळी असतात,
बिल्ला, वेत, लस, वजन, मालकीण,
आणि शेवटून दुसरा रकाना :
मेली असल्यास तारीख.

फरजाना पठाण, ईट. भरू शकते, आपल्या गावापुरतं.
द्वारका गायसमुद्रे, वालवड. भरू शकते, पुसू शकत नाही.
कारण तिनं एकदा अंगठ्याच्या एका फटक्यात
एकशे चाळीस करडं पुसली
आणि रात्री अकराला फोन केला,
ताई, गाव रिकामं झालं वं.

डॉक्टरांना लसीचा रकाना, बाकी नुसतं बघणं.
बँकेला बघणं, तेही नावं झाकून.
कौसामावशीला अक्षर येत नाही, तिलाही बघणं दिलंय.
नातवाच्या मोबाईलवर ती रंगावरून ओळ हुडकते,
हिरवी म्हणजे लस झालेली,
आणि बोट टेकवून म्हणते,
हाय तितं. माझी कबरी हाय तितं.

दसरा झाल्यावर विम्याचा माणूस आला.
भूमचेच पेढे भूमच्याच बाईला घेऊन.
म्याडम, तारखेच्या रकान्याला जरा हात लावू द्या,
बारीकसारीक दुरुस्त्या असतात.
मी म्हटलं, बघा. डोळे दुखेपर्यंत बघा.
तो हसला. पुडा टेबलावरच राहिला.
सचिवांनी दोन खाल्ले.

पौषात मावशीचा नातू फोनवर,
कबरी मेली बुधवारी,
तुमच्यात सोमवार कामून दिसायलाय?
मंगळवारपासून विमा लागू होता.

मी बदलांचा इतिहास उघडला.
यंत्र खरं बोलतं असं मी म्हणणार नाही,
पण ते भांडकुदळ शेजारणीसारखं
काहीच विसरत नाही.
रात्री सात चाळीस. बुधवार खोडून सोमवार.
बदल करणार : केशर हुंबे.

केशर हुंबे म्हणजे मी.

सात चाळीसला मी बार्शीच्या एसटीत उभी होते,
पायात कुणाचं तरी हरभऱ्याचं पोतं.
पण माझा पासवर्ड इथं होता,
पडद्याखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर,
माझ्याच वळणदार अक्षरात.
आणि खोलीच्या किल्ल्या तीन.
माझ्या खुर्चीत कोण बसलं
ते इतिहासात येत नाही.

साऱ्या तालुक्याला मी मापानं मोजून दिलं,
कुणाला चिपटं, कुणाला मापटं,
आणि स्वतःच्या नावापुढं अख्खी कणगी ठेवली.
सर्वाधिकार.
खरं सांगते, आवडायचा मला तो शब्द.
घरी गॅसचं पुस्तकसुद्धा माझ्या नावावर नाही.

चिठ्ठी सोलून काढली. अर्धी काचेला चिकटून राहिली,
नखानं खरवडली.
मग स्वतःची ओळ उघडली.
भरू शकते. पुसू शकत नाही.
मेल्याच्या तारखेला हात लावायचा
तर दोन गावच्या दोघींची संमती.

यंत्रानं विचारलं,
तुम्ही तुमचेच अधिकार कमी करत आहात.
स्वतःहून परत वाढवता येणार नाहीत. नक्की?

खाली कढईत उलथनं खरडत होतं.
ते थांबलं की बूड लागतं.
मी बराच वेळ ऐकत बसले.
मग दाबलं.

त्यानंतर, आता सगळ्यांसारखीच,
सोमवारचा बुधवार करायचा अर्ज टाकला.

दहा मिनिटांनी द्वारकाचा फोन.
ताई, कबरीची तारीख बदलायची म्हणून
माझी परवानगी मागायलंय.
तुमचंच नाव हाय. देऊ की?

अशी नको देऊ, मी म्हटलं.
आधी इचार मला, कामून.