निव्वळ

सावद्याच्या पुढे, रावेर रस्त्याला माझा वजनकाटा.
एकोणीस वर्षं पावत्या फाडू राहिलो :
भरलेली. रिकामी. निव्वळ.
केळीची गाडी चढली की आधी आरोळी मारतो,
उतरा रे, माणसं उतरा!
घडांवर बसलेली बारेला पोरं उड्या टाकतात,
झुमली पाठीवरच्या लेकरासकट उतरते
आणि काट्याच्या कडेला चिकाने काळे झालेले हात
काळ्याच लुगड्याला पुसत उभी राहते.

भरल्या गाडीत माणूस राहिला तर बागवाल्याचा फायदा,
रिकाम्या गाडीत राहिला तर व्यापाऱ्याचा.
माणूस कधी मोजायचा आणि कधी नाही
यावर या तालुक्यात बंगले उभे राहिले आहेत.

फेगडे शेठची केळी थंड कंटेनरमधून इराणला जाते.
शेठ म्हणतात, बाजाराला कुंपण नसतं भाऊ,
जिथे भाव तिथे माल, जिथे काम तिथे माणूस.
बोलतात छान. मीही मान डोलावतो.
मग अंकलेश्वरला चाळीस रुपये जास्त मिळतात म्हणून
रेलसिंगची टोळी एका रात्री निघून गेली,
तेव्हा शेठनी उचलीची वही घेऊन जीप पाठवली.
तिकडे भाव होता, शेठ.
हे मी मनात म्हणालो. काटा त्यांचा मेहुणा चालवायला घेणार होता तेव्हा.

कॉम्रेड निंबा तायडे दर एक मेला
बसस्टँडवर लाल झेंडा लावतात,
जगातल्या सगळ्या कामगारांची नावं घेतात.
ग्रामसभेत तेच उठले आधी :
सातपुड्याकडून येणाऱ्या वाटेला तार मारा,
फाटक करा, नोंद करा.
हे लोक अडीचशेत घड वाहतात,
आपला माणूस चारशे मागतो, त्याला कोण बोलावणार?
मला हसू आलं नाही.
त्यांचा थोरला पोळ्यापासून पारावर बसून आहे,
मोबाइलची काच फुटलेली, चपलेला तार.
(माझा पुतण्या शारजात आहे.
तिथले लोक त्याच्याबद्दल काय ठराव करतात
ते मी फोनवर विचारत नाही.)

शेठ ठरावाच्या विरोधात बोलले. मोठं बोलले.
मग तार पुरवायचं टेंडर त्यांनीच भरलं.
आणि खांब रोवायला सगळ्यात कमी दर
रेलसिंगच्या टोळीचा.
कॉम्रेडनी कागद दोनदा वाचला,
चष्मा पुसला, सही केली.

शेवटच्या दिवशी तारेची शेवटची गाडी आली.
आमच्या अंगाला पाणी होतं, म्हणून टोळी आतून काम करत होती.
चार वाजता एकच खांब उरला,
तेव्हा झुमलीने विचारलं,
हा कोणत्या बाजूने ठोकायचा?
ठरावात तसं काही लिहिलेलं नव्हतं.
पहार खड्ड्यात तशीच उभी राहिली.
कॉम्रेड घरून कळशी घेऊन आले होते,
त्यांनी पोरांना ओंजळीने पाणी पाजलं
आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, बाहेरून ठोका.

अंधार पडता रिकामी गाडी काट्यावर चढली.
टोळी घरी निघाली होती, हौद्यात दाटीने बसलेली,
कोणाच्या मांडीवर फावडं, कोणाच्या लेकरू.
मी तोंड उघडलं.
आरोळी आली नाही.
आकडे थरथरले, थांबले.
पावती फाडली.

सकाळी शेठ दारात :
तार चारशे तीस किलो कमी कशी?
दुपारी कॉम्रेड :
बिलात काही गफलत आहे का रे?
मी दोघांना खिळ्याला टोचलेला कागद दाखवला.
भरलेली, रिकामी, निव्वळ.
काट्याने जे पाहिलं ते लिहिलं, म्हणालो.

नऊ माणसं, दोन लेकरं.
सरकारदरबारी आमचं कुंपण
तेवढं हलकं आहे.