वरून पाह्य

सीताबर्डीच्या दुकानदारानं सहा मासे
फुगवलेल्या पिशवीत बांधून दिले.
तीन जोड्या आहेत, म्हणाला, बिनधास्त न्या.
विचारलं, यातला नर कोणता?
म्हणाला, मिशा असेल तो.

गोंदियाला गाडी बदलली, पिशवी मांडीवर,
अर्जुनी येईस्तोवर मी मिशा मोजत होतो.
सहाच्या सहांना होत्या.

मोटर रिवायंडिंगचं दुकान माझं.
तांब्याच्या रिळांशेजारी टाकी मांडली,
समोर स्टूल टाकलं,
आणि सव्वा वर्ष काचेतून पाहत राहिलो.
तळाची वाळू हुंगत फिरायचे,
मधूनच सुळकन वर येऊन हवेचा घोट घ्यायचे,
डोळा मिचकावायचे, खरंच मिचकावतात.
एकीचं नाव ठेवलं सरपंचीण,
एकाचं पैलवान.
अंडं मात्र एक नाही.

फुलवंता वलथरे टेबलफॅन घेऊन आली
बुधवारचा बाजार उरकून,
टोपली रिकामी, हाताला मरळीचा वास.
टाकीकडे पाहिलं, माझ्या स्टुलाकडे पाहिलं,
आणि हसायलाच लागली.
"आडवा काहून पायतोस गा?
मासोरी वरून पायाची असते.
आमी डोंग्यात बसतो का पान्यात?"

झाकण काढलं.
वरून ते वेगळेच जीव होते.
दोघी रुंद, कल्ल्यांमागे फुगीर,
ओट्यात शेंगा भरून बांधावरून निघालेल्या जणू.
चौघे दाभणासारखे.
सरपंचीण बाप्या निघाली.
पैलवान पोटुशी.

"दोघींले चार. हिसाब बरोबर हाय," ती म्हणाली.
"आता खाऊ घाल. उपाशी जीव अंडे देते का?"

शेणखड्ड्यातली गांडुळं आणली, ब्लेडनं बारीक चिरली.
कूलरच्या टाकीतल्या वळवळत्या अळ्या
चहाच्या गाळणीनं गाळून घातल्या.
मे महिना. पाणी चहाच्या वाटेवर.
गुरांच्या दवाखान्यातून सलाईनची नळी मागून आणली,
माठ टेकवला रॅकच्या वरच्या फळीवर,
आणि रात्रभर थेंब थेंब गार पाणी सोडलं,
की त्यांना वाटावं, कुठंतरी वर, डोंगरात,
काहीतरी बदललंय.
फसवणूकच ती. पण आठ रात्री ते फसले नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी शटर वर केलं तर
चौघे पैलवानाच्या मागे.
तिनं एकाच्या पोटाशी तोंड लावलं,
तो आडवा, ती उभी,
दोघंही थिजले, पंधरा-वीस श्वास.
मग ती सुटली. पोटाखालच्या परांची ओंजळ मिटलेली,
ओंजळीत चार अंडी.
काच चाटत चाटत जागा शोधली,
नको, इथं नको, इथंही नको,
आणि मग आरशावर टिकली चिकटवावी
तशी एकेक लावून ठेवली.
त्या दिवशी दोन गिऱ्हाइकं परत गेली.

हेच आईबाप संध्याकाळी ती खातात, हे ऐकून होतो.
म्हणून बोटानं हलकेच लोटत
एकेक अंडं लोणच्याच्या बरणीत घेतलं.
तारेचे वेढे मोजायची बोटाला जुनी सवय:
एकशे बारा.
बरणीत हवेची नळी, शाळेमागच्या बदामाचं एक पान.
पांढरी पडली ती मेली, ती रोज चिमट्यानं काढायची.
परवा लाइट गेली तेव्हा
सायकलच्या पंपानं हवा दिली, दर दहा मिनिटांनी,
पहाटे तीनपर्यंत. हे कुणाला सांगितलं नाही.

फुलवंता फॅन न्यायला आली.
फॅन चार दिवसांपूर्वीच झाला होता,
बरणीवर वारा घालत होता.
"खाता येते का मोठी झाल्यावर?"
नाही.
"मंग?"
मी पक्कड उचलली, परत ठेवली.
तिनं टोपली खाली ठेवली,
बरणीवर वाकली, वरून,
एवढी जवळ की तिच्या श्वासानं पाणी हललं.

"थांब," म्हणाली. "पान्यानं नाही.
आतून हालते."